माथ्याचं बी

आजीने दोन्ही डबे सुपात रिकामे केले होते आणि वरून हात फिरवून मोकळी झाली होती.

"आजी! अगं, काय केलंस हे?" मी किंचाळलेच.

लाल झाकणाच्या डब्यात डोंगरमाथ्यावरच्या भगरीचं बी होतं, निळ्यात पायथ्याचं. माथ्याची भगर थंडीवाऱ्यात तग धरते, पायथ्याची तिथे मान टाकते. असं का, ते जनुकांत शोधायचं आमच्या प्रकल्पाचं काम. यंदा माथ्यावरची शेतं रानडुकरांनी आडवी केली. उरलं ते एवढंच बी, आणि ते सांभाळायची नोकरी माझी.

"पेरणीआधी सगळं बी देवापुढे एकत्र करतात, ठाऊक नाही का तुला, रविना?" आजी शांतपणे म्हणाली. "वेगळं ठेवलेलं बी रुसतं."

ठाऊक होतं, म्हणून तर स्वतःचाच संताप आला. पूजेच्या दिवशी डबे देवाजवळ ठेवणारी मूर्ख मीच ना!

बी न्यायला धडगावहून आमचे प्रकल्पप्रमुख कुंदनसरांची जीप निघाली होती. दाणे दिसायला सारखेच, निवडणार कसे? मी अर्धं बी लाल डब्यात भरलं, अर्धं निळ्यात; डब्यांवरच्या 'माथा', 'पायथा' चिठ्ठ्या तशाच ठेवल्या. आजी बघत होती.

सर आले. लाल डबा उचलून म्हणाले, "माथ्याचं हेच ना?"

"हो, सर."

दोन्ही डबे घेऊन जीप वळणाला लागली. जळो ती नोकरी! मी अनवाणी धावत सुटले. "सर, थांबा! खोटं बोलले मी!"

सगळं ऐकून सर लालबुंद झाले. गेली नोकरी, असंच मी धरून चालले.

"दोन्हीकडच्या रोपांची जनुकं गेल्या वर्षी वाचून ठेवली आहेत म्हणून वाचलीस," ते शेवटी म्हणाले. "एकेक दाणा उगवून त्याचं पान तपासू, कुठला ते कळेल. पण अख्खं वर्ष जाईल. आणि तुझ्या चिठ्ठ्यांवर विसंबलो असतो, तर सगळे निकाल खोटे निघाले असते."

मी चिठ्ठ्या खरवडल्या. दोन्ही डब्यांवर नवीन लिहिली: 'मिसळलेलं बी. देवापुढे एकत्र केलं, माझी आजी रूपलीबाई हिने.'

धापा टाकत आजी मागून आली. "काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं.

"बरं," ती म्हणाली. "आता डबे कोणी भरले, तेही लिही."