प्रतापचं डोहाळजेवण

कौसाबाई एरवी खोटं बोलणारी बाई नव्हे. पण एक खोटं तिनं सदतीस वर्षं पोटच्या लेकरासारखं सांभाळलं होतं. ते म्हणजे प्रतापच्या वेळी माहेरी झालेलं डोहाळजेवण. हिरवं लुगडं, पुरणाच्या पोळ्या, वर तुपाची धार, अन् सगळी आळी जेवून ढेकर देत घरी गेली! दर वाढदिवसाला प्रताप हे ऐकत आला होता. आष्टी सुटली, पुणं सुटलं, कॅनडात मिसिसागाला येऊन तो सॉफ्टवेअरमध्ये चिकटला, तरी फोनवर ऐकायचा आणि हसायचा.

आता सहा महिन्यांच्या व्हिसावर ती त्याच्याकडे आली आणि पोराला बघून तिच्या काळजाचं पाणी झालं. प्रतापला तिशीतच साखर निघाली होती. अंगावर मांस नाही, घराण्यात कुणाला हा रोग नाही, तरी दिवसातून तीनदा इन्शुलिनची सुई. आणि या शहाण्यानं त्यावर उपाय काय शोधला? जेवायचंच नाही! सकाळी काकडी, संध्याकाळी पातळ सूप. सुई मात्र वेळेवर.

"माझीच चूक आहे, आई," तो म्हणायचा. "बारा वर्षं डेस्क जॉब, मीटिंगमध्ये डोनट. डिसिप्लिन नव्हती मला. आता स्ट्रिक्टली कंट्रोल करतोय."

"अरे, पोटाला मारून रोग जातो व्हय?"

"तुला नाही कळायचं ते."

त्याची बायको उमा समजावून समजावून थकली होती. फेब्रुवारीत तो तिथल्या गो ट्रेनच्या प्लॅटफॉर्मवर कोसळला. साखर इतकी उतरली होती, की लोकांनी पाच मिनिटं उशीर केला असता तर सगळंच आटोपलं असतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सुई घ्यायची तर जेवायलाच हवं. यानं मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा काकडी चिरली. फ्रिज दुधातुपानं भरलेला असताना उपाशी राहायला माणसाला केवढं शिक्षण लागतं, असं कौसाबाईला वाटे. आपल्या डोळ्यांदेखत हा एक दिवस जाणार, या धास्तीनं तिच्याही घशाखाली घास उतरेना.

मार्चमध्ये पुढची तारीख होती. उमाला सुट्टी मिळेना, म्हणून कौसाबाईच त्याच्यासोबत क्लिनिकला गेली. आई आलीय म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंना आनंद झाला. त्यांनी खुर्ची पुढं ओढून काहीतरी विचारलं. दुभाष्या अर्थातच प्रताप.

"आई, त्या विचारताहेत, मी पोटात असताना तुला नीट खायला मिळायचं का?" आणि तिनं तोंड उघडायच्या आत तोच हसत हसत सांगू लागला, "ओ येस डॉक्टर, देअर वॉज अ बिग फीस्ट!" लुगडं, पोळ्या, तूप, आळी, काही म्हणता काही सोडलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं.

"कशाला इचारत्यात त्या?" कौसाबाईनं विचारलं.

"त्यांना वाटलं होतं, आई उपाशी असली की पोटातलं मूल तेवढ्यावरच भागवायला शिकतं. मग मोठेपणी भरलं ताट त्याच्या शरीराला पेलत नाही. अंगानं बारीक असलं तरी साखर होते. पण आपलं तसं काही नाही ना. म्हणजे माझंच चुकलंय. अजून कमी करतो खाणं."

कौसाबाईनं त्याचं मनगट धरलं. मनगट कसलं, काडी होती ती.

"झालं न्हवतं डोहाळजेवण," ती म्हणाली.

"काय?"

"बहात्तरचा दुष्काळ व्हता. तळ्याच्या कामावर खडी फोडत व्हते मी, आठवा लागला तरी. कामावर सुकडी वाटायचे. सगळ्या बाया तिथंच बसून खायच्या. म्या न्हाई खाल्ली. पदरात बांधून घरी न्यायची."

"का?"

"घरी पोरगी व्हती. दोन वर्सांची. तुझी बहीण."

प्रताप आपण पहिला मुलगा, एकुलता एक, असंच समजून वाढला होता.

"तू पोटात गप असायचास. ती समोर रडायची. रडणाऱ्याला दिलं मी."

"मग... ती?"

"चैतात गेली. तू वैशाखात झालास. तुझं काढून तिला दिलं, अन् ती बी न्हाई ऱ्हायली."

"आणि त्या पुरणपोळ्या? ते तूप?"

"तू पाच वर्सांचा असताना इचारलंस, आई, माझ्या वेळी तुला काय खावंसं वाटायचं? खडीवर बसल्या बसल्या जे जे डोळ्यापुढं यायचं, ते सांगितलं तुला." तिनं त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं. "तुझी चूक न्हाई, प्रताप. असली तर माझी हाय. तू जेव. तेवढ्यासाठी सांगितलं, न्हाईतर संगं घेऊन गेले असते."

डॉक्टरीणबाई विचारत होत्या, आई काय म्हणाल्या? ज्या इंग्रजीवर प्रताप पोट भरत होता, ती इंग्रजी त्याला ऐनवेळी दगा देऊन गेली. कशीबशी चार वाक्यं त्यानं सांगितली. मग डॉक्टरीणबाईंनी आधी लिहिलेलं खोडलं, कौसाबाईच्या हातावर हात ठेवून त्या हळू काहीतरी बोलल्या. त्याचं मराठी काही प्रतापनं केलं नाही.

दोघं गाडीनं घरी निघाले. त्यानं चार शब्द सुनवावेत, निदान रडावं, असं कौसाबाईला वाटत होतं. शिव्या सोसणं सोपं असतं. पण तो समोर बघून गाडी चालवत राहिला.

घरी आल्यावर तिनं न विचारताच पिठलं टाकलं, दोन भाकरी थापल्या. प्रतापनं सुई टोचून घेतली आणि ताटावर बसला. एक भाकरी संपली. दुसरी त्यानं मागून घेतली. हे बघायसाठीच तर ती सातासमुद्रापार आली होती, पण आता तिला तिकडं बघवेना.

"नाव काय होतं तिचं?" त्यानं मान खाली घालूनच विचारलं.

"शेवंता."

"कशी दिसायची?"

कौसाबाईनं आठवून पाहिलं. डोळे, नाक, केस, काहीच हाती लागेना. फोटो तर तिचा कधी निघालाच नव्हता.

"न्हाई आठवत रे," ती म्हणाली. "हलकी व्हती. उचलली की लई हलकी लागायची."