ताकदीच्या गोळ्या

इंझोरीच्या स्नेहाने लग्नापासून एक गोष्ट सासूपासून लपवली होती. तिला मिरगी होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यापासून एकदाही झटका आला नव्हता, पण सोयरीक जुळताना तिच्या आईने मौन धरलं आणि तिलाही धरायला लावलं. नवऱ्याला, अनुपला, तिने लग्नानंतर लगेच सांगून टाकलं. "मायले हळूहळू सांगू," तो म्हणाला, आणि ते हळूहळू काही उजाडलं नाही. एकदा सासू लिलाबाईने तिला गोळी घेताना पाहिलं, तेव्हा स्नेहाच्या तोंडून निघून गेलं, "ताकदीच्या गोळ्या हायेत, आई."

मुलगी अजून धड चालतही नव्हती, बी.एड.ला नुकताच नंबर लागला होता, आणि स्नेहाला पुन्हा दिवस गेले. आत्ता दुसरं मूल नको, असं तिने ठरवलं; अनुपलाही पटलं. लिलाबाईपुढे विषय काढायला दोघंही कचरत होते. शेवटी सांगितलं, तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर हाय. आधी शिकून घे. कारंज्याले मी येतो तुह्यासंगं."

कारंजा लाडला डॉक्टर राखी राठोड यांचा दवाखाना होता. सोनोग्राफी झाली. दिवस थोडेच होते, गोळ्यांनी काम होणार होतं. लिलाबाई बाहेर बाकड्यावर बसली होती. दार मात्र अर्धवट उघडंच राहिलं होतं.

"दुसरं कुठलं औषध चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "दम्याचं, रक्त पातळ करायचं, स्टेरॉइड? काढा, जडीबुटी, कुणी दिलेली पुडी?"

दाराकडे बघत स्नेहा म्हणाली, "नाही."

बाहेरून खणखणीत आवाज आला, "अवं स्नेहा, ताकदीच्या गोळ्या नाही घेत काय तू रोज? सांग न बाईले!"

डॉक्टर उठल्या, त्यांनी दार लावून घेतलं आणि हात पुढे केला. स्नेहाने पर्समधली गोळ्यांची पट्टी काढून दिली. पट्टीवरचं नाव वाचून डॉक्टर रागावल्या नाहीत.

"बरं झालं दाखवलीस. मिरगीच्या काही गोळ्या माझ्या औषधाचा असर कमी करतात. तुझी त्यातली नाही. तरी मी तुला ही देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारते."

फोनवर बोलणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "ही मिरगीची गोळी चुकवायची नाही. एक दिवसही नाही. उलटी झाली तर मला फोन. आणि दुखलं तर मी लिहून दिलेलीच गोळी घ्यायची, दुसऱ्या कुणाची नाही."

"आईले सांगसान तुमी?"

"मी कुणालाच काही सांगत नाही. तो तुझा अधिकार. पण घरी तुझ्याजवळ त्याच असणार ना?"

स्नेहाने स्वतःच दार उघडून सासूला आत बोलावलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

लिलाबाईचा चेहरा उतरला. "काहून लपवलं मले? मी काय खाणार होती तुले?"

"तुमी मले माहेरी धाडसान असं वाटलं."

"माहेरी!" लिलाबाई कडाडली. "अन् घरात झटका आला असता तं? मले काहीच ठाऊक नाही, मी काय केलं असतं? नुसती बोंबलत बसली असती!" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. तिने पदराने नाक पुसलं आणि डॉक्टरांकडे वळून दरडावलं, "बाई, मले नीट समजावून सांगा. काय द्याचं, काय नाही द्याचं."

पहिली गोळी स्नेहाने तिथेच घेतली, सासूने धरलेल्या ग्लासातल्या पाण्याने. बाकीच्या दोन दिवसांनी घरी घ्यायच्या होत्या.

त्या घेतल्यावर पोटात कळा आल्या, रक्तस्राव सुरू झाला. किती झाला तर फोन करायचा हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तेवढा तो झाला नाही. अनुपने पाणी गरम करून पिशवी भरली. शेजारची बेबीताई आपली गुडघेदुखीची गोळी घेऊन आली, तर लिलाबाई दारातच आडवी आली. "तुही गोळी तुह्या गुडघ्याले! इथं डाक्टरीनबाईचंच राज हाय." आणि मग, आजवर ज्या गोळीसाठी स्नेहा मोरीत जाऊन पाठ फिरवायची, ती गोळी सासूने वाटीत घालून सगळ्यांसमोर आणून दिली. सासरा शेषराव पेपर वाचत होता. त्याने मान वर करून विचारलं, "हे कायची?"

"मिरगीची," स्नेहा म्हणाली. स्वतःच्या घरात तो शब्द तिने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला होता.

"हाव काय? माह्या मावशीले होती. चांगली म्हातारी होऊन मेली," म्हणत त्याने पान उलटलं. स्नेहाला हसू फुटलं, मग अनुपला, आणि पोट दुखत असतानाही तिला ते आवरेना.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सगळं साफ झाल्याचं सांगितलं. दवाखान्यातून निघाल्यावर लिलाबाई सुनेला थेट रसवंतीवर घेऊन गेली. दोघींनी रस पिऊन आणखी एकेक मागवला. समोरून इंझोरीची एसटी निघून गेली.

"आई, गाडी गेली न!"

"जाऊ दे. दुसरी येते," लिलाबाई म्हणाली आणि रसवाल्याला ओरडून सांगितलं, "यात निंबू जास्त पीळ बाप्पा, माह्या सुनेले आवडते!"