उजव्या मडगार्डवरचा पोचा

काझिमिर दुदा हिवाळ्याच्या तोंडावर गेला, आणि जाताना एक हडसन मोटार अर्धवट टाकून गेला. खरी नव्हे, प्लास्टिकची, वीतभर. खरी हडसन त्याने कधीच भंगारात दिली होती, आणि त्या दिवशी तो जेवला नव्हता.

हॅमट्रॅमक गावातल्या चर्चखालच्या तळघरात मोटारींची इवली मॉडेलं जोडणाऱ्यांचा क्लब भरायचा. बहुतेक सगळे पोलिश, उभा जन्म मोटारींच्या कारखान्यांत काढलेले. दिवसभर मोठ्या गाड्या जोडायच्या आणि घरी येऊन इवल्या गाड्या जोडत बसायचं, याला बायका वेड म्हणत, आणि त्यांचं काही चुकत नसे. या क्लबात एक रीत होती. कोणी गेला की त्याची अर्धी राहिलेली गाडी दुसऱ्याने पुरी करायची. त्याच्याच रंगात, त्याच्याच पद्धतीने. आपलं शहाणपण तसूभरही घालायचं नाही. ईस्टरच्या आधीच्या रविवारी प्रदर्शन असे, तिथे ती गाडी मांडायची. कार्डावर नाव फक्त गेलेल्याचं. शेवटचा एक तुकडा घरच्या माणसाने बसवायचा, म्हणजे गेलेला सुटला. फादरना हे पसंत नव्हतं, पण फादर स्वतः पोरवयात विमानं जोडायचे, त्यामुळे गप्प बसत.

काझिमिरची, म्हणजे काझची, गाडी झिगमंट मालिशेव्स्कीने करायची, यावर चर्चाच झाली नाही. क्लबातली दोघांची जोडी होती. झिगमंटची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि दिवसातून चार वाक्यं बोलायला काझ होता म्हणून त्याची जीभ शाबूत राहिली होती. काझची बायको यादविगा स्वतः गाडीचं खोकं घेऊन झिगमंटकडे आली. ओव्हरकोट न काढताच स्वयंपाकघरात बसली.

"रोज दुपारी जेवण झालं की आमच्या तळघरात त्याचं स्टूल सरकतं रे," ती म्हणाली. "तो बसायचा त्याच वेळेला."

"उंदीर असतील."

"उंदीर स्टूल पुढे ओढून बसतात होय?" तिने खोकं त्याच्याकडे ढकललं. "घर विकलंय. ईस्टर झाला की लेक मला टोलेडोला नेणार. याला एकट्याला तळघरात सोडून कशी जाऊ, सांग. नवे लोक भिंती रंगवतील, टेबल फेकून देतील, आणि हा आपला तिथेच बसलेला. तू एवढी पुरी कर, झिगी. त्याला सुटू दे."

झिगमंटने मान हलवली. मनातून मात्र त्याला हे नको होतं. कारण काझ सुटला, की तो यादविगाच्या तळघरातून सुटेल तसा याच्याही आयुष्यातून सुटणार होता.

खोकं आलं आणि त्यामागून स्टुलावरचाही आला म्हणायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी झिगमंटच्या तळघरात डिंकाच्या वासात बडीशेपेचा वास मिसळला. काझ काम करताना बडीशेपेच्या गोळ्या चघळत असे, आणि झिगमंटला त्या गोळ्यांचा तिटकारा होता; त्याच्या घरात एकही नव्हती. मग चिमट्याचं सुरू झालं. झिगमंट चिमटा टोक आपल्याकडे करून ठेवी. काझचं म्हणणं, टोक भिंतीकडे हवं, डोळा जाईल कुणाचा. झिगमंट चहा घेऊन परत आला की टोक भिंतीकडे वळलेलं असे. पहिल्यांदा त्याच्या मानेवर काटा आला. दुसऱ्यांदाही आला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बरं बाबा, तुझंच खरं," आणि कामाला लागला.

त्याला भीती वाटत होती, यात शंका नाही. रिकाम्या खोलीत पाठीमागे कुणीतरी हळूच श्वास घेतं आहे, हे कळायला काही हुशारी लागत नाही. पण भीतीपेक्षा मोठं एक सुख त्याच्या मनात हात-पाय पसरून बसलं होतं. घरात पुन्हा दोघं होते. दोन दिवसांचं काम तो आठवडाभर पुरवू लागला. बंपर घासायचा, परत घासायचा. क्लबाचा अध्यक्ष फेलिक्स झारेंबा भेटला की म्हणे, "गाडी जोडतोयस की अंडं उबवतोयस?"

आणि मग तो पोचा. पुढच्या उजव्या मडगार्डवर, दिव्याच्या मागे, बोटाच्या टोकाएवढा खोलगट. जुन्या साच्यांतून निघालेल्या गाड्यांना असे खळगे असतातच. प्लास्टिक थंड होताना आत ओढलं जातं. कुठलाही मॉडेलवाला दुसरा विचार करत नाही, पुट्टी भरतो. झिगमंटनेही भरली, वाळवली, पॉलिश पेपरने घासून आरशासारखी केली. सकाळी पाहिलं तर खळगा जागच्या जागी.

पुट्टी जाड भरली की आक्रसते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि पातळ पातळ थर दिले. सकाळी पुन्हा तेच. मग त्याने दोन नळ्यांतलं एकत्र कालवायची पुट्टी आणली, जी दगडासारखी होते आणि बापजन्मात आक्रसत नाही. सकाळी मडगार्ड आत बसलेलं होतं, आणि टेबलाभोवती बडीशेपेचा वास इतका दाट, की त्याला खिडकी उघडावी लागली.

"काय चुकलं माझं?" त्याने विचारलं. काझ रागावला होता. आयुष्यात काझ त्याच्यावर कधी रागावला नव्हता, आणि आता मेल्यावर रागावला होता, याचं त्याला रडू येईल इतकं वाईट वाटलं. काझच्या टेबलावरून आलेला खऱ्या हडसनचा फोटो त्याने भिंतीवर लावला होता, तो पुन्हा न्याहाळला. गाडी डाव्या बाजूने दिसत होती. लाल, लांब, बुटकी, देखणी. खरी गाडी त्याने पाहिलीच नव्हती; ती भंगारात गेल्यानंतर त्यांची ओळख झाली होती.

प्रदर्शन तोंडावर आलं तरी गाडीला रंग नाही, हे फेलिक्सकडून यादविगाच्या कानावर गेलं. ती दुपारी गोड, तळलेल्या पोंचकींची पिशवी घेऊन आली आणि सरळ तळघरात उतरली. पायरीवरच थबकली.

"इथे आहे तो," ती हळूच म्हणाली. मग टेबलाशी आली. "आणि तू का रखडतोयस? खरं सांग."

"एक खळगा भरला जात नाही."

"फक्त खळगा?"

झिगमंट पॉलिश पेपर हातात चोळू लागला. "ही संपली की मी कुणाशी बोलू, यादविगा?"

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने गाडी उचलून उजेडात धरली. उजवी बाजू दिसताच तिने गाडी डोळ्यांजवळ आणली. ती स्टुलावर बसली.

"अरे गाढवा," ती म्हणाली, पण झिगमंटला नव्हे, काझला. "हा माझा आहे, झिगी. हा पोचा माझा आहे. लग्नाच्या वर्षी मला गाडी शिकवायला घेऊन गेला आणि मी ती कबरस्तानाच्या फाटकावर घातली. विटांच्या खांबावर. लाजेने मेले मी. म्हटलं, ठोकून घे, कुणाला सांगू नकोस. तो म्हणाला, तू परत चालवायला बसलीस की ठोकून घेईन. मी कुठली बसते? त्यानेही घेतला नाही. शेवटपर्यंत तशीच फिरवली, आणि कुणी विचारलं तर म्हणे, माझ्याकडून झालं."

झिगमंटच्या हातातला पॉलिश पेपर खाली पडला.

"आणि सप्टेंबरात," ती सांगत होती, "स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून काहीतरी करत होता. अंगठ्याला हा एवढा फोड. विचारलं तर म्हणाला सूप सांडलं. गरम करून अंगठ्याने दाबला असणार, बघ ना." तिने आपला अंगठा खळग्यावर टेकवला. तो आत हरवला. काझचा अंगठा जाड होता.

म्हणजे मित्राने हात भाजून घेऊन जी एक गोष्ट गाडीत घातली, तीच झिगमंट सकाळ-संध्याकाळ पुसत होता, आणि वर आपलं शहाणपण घालायचं नाही ही रीत मिरवत होता. त्याने तिच्यासमोरच पुट्टी कोरून काढली. त्या दिवसानंतर चिमट्याचं टोक कुणी वळवलं नाही, कारण झिगमंट स्वतःच ते भिंतीकडे करून ठेवू लागला. वास राहिला, पण सौम्य. लाल रंग पहिल्याच हाताला बसला.

प्रदर्शनात फेलिक्सने चष्मा कपाळावर ढकलून गाडी बघितली. "झिगी, मडगार्ड बसलंय. पुट्टी घ्यायची नाही का? काझने असं काम ठेवलं नसतं."

झिगमंटने तोंड उघडलं, पण यादविगा पुढे झाली. "माझ्याकडून झालंय ते," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "खऱ्या गाडीला. मी ठोकली होती. कबरस्तानाच्या फाटकावर."

कुणी हसलं नाही. बॉनेटवरचं चिन्ह तेवढं बाकी होतं. तिने ते चिमट्यात धरलं, डिंकाचा थेंब लावला आणि बसवलं. अगदी सरळ. "जा आता," ती म्हणाली. "मी लेकीकडे चाललेय, माझी काळजी नको." क्षणभर टेबलावरून बडीशेपेचा वास आला आणि दाराकडे गेला. झिगमंटने मान वळवून दाराकडे पाहिलं. यादविगानेही पाहिलं.

ईस्टरनंतर ती टोलेडोला गेली, मांडीवर हडसन घेऊन.

झिगमंटने नवं खोकं उघडलं. जुन्या साच्याची गाडी, दारावर खळगा. त्याने मुद्दाम दोन नळ्यांची पुट्टी नको तेवढी जाड भरून घासली, काझने बघितली असती तर कपाळावर हात मारून घेतला असता अशी. चिमटा टोक आपल्याकडे करून ठेवला. सकाळी तो चहाही न घेता खाली उतरला. चिमटा होता तसाच होता, टोक त्याच्याकडेच. त्याने दारावरून बोट फिरवलं, परत फिरवलं. पुट्टी जराही आत गेली नव्हती. दार अगदी गुळगुळीत होतं.