जावईबापूंच्या गाडीचे प्लग

महिपतला जावई मनापासून आवडला होता. खटकत होतं ते एवढंच, की जावई गाडीबद्दल बोलायला लागला की थांबत नसे, आणि महिपतला मधे बोलायची बंदी होती. बंदी त्याच्या बायकोने, सकुबाईने घातली होती. "जावयाला शिकवायला जायचं नाय," असं तिने भातसानगरहून निघतानाच बजावलं होतं.

महिपतची उमर धरणावरच्या पेट्रोल जीपा दुरुस्त करण्यात गेली होती. जावई आदेशचं मुरबाडला स्वतःचं गॅरेज. त्याने जुन्या जिप्सीला कुठूनसा सुपरचार्जर आणून बसवला होता. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरायचा आणि हवा दाबून दाबून इंजिनात कोंबायचा. गाडीचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा झाला होता, पण पळायची मात्र झक्कास.

दोन हजार तीनची दिवाळी नुकतीच उरकली होती. भात झोडून झालं तशी सकुबाईची बहीण बाईजा हिने नव्या जावयाला वैशाखऱ्याला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर आदेश म्हणाला, "चला मामा, माळशेज दाखवतो. प्लगचा गॅप मुद्दाम मोठा ठेवलाय. मोठी ठिणगी, मोठा दम!"

महिपतने ओठांवर आलेले शब्द गिळले. हवा एवढी दाबलेली असताना ठिणगीला प्लगच्या फटीवरून लांब उडी मारता येत नाही, मधेच विझते, हे त्याला ठाऊक होतं. पण शेजारी सकुबाई डोळे वटारून उभी होती.

घाटाची पहिली चढण लागली. आदेशने पाय दाबला, गिरणी गायला लागली आणि गाडीने फट्‌फट् करत गचके द्यायला सुरुवात केली. पाय सैल केला की शहाणी, दाबला की पुन्हा गचके.

"अवो, पोटातली पुरणपोळी वर आली माझ्या," मागून सकुबाई म्हणाली.

"पेट्रोलात पाणी असणार," आदेश पुटपुटला. गाडी वळवून सगळे बाईजाकडे मुक्कामाला परतले.

पहाटे जावई साखरझोपेत असताना महिपत प्लग पाना घेऊन अंगणात गेला. चारही प्लग काढले, टोकाची वाकडी दांडी ओट्याच्या दगडावर हलकेच ठोकून गॅप कमी केला, पुन्हा बसवले. जावयाचा मानही राहिला आणि गाडीही सुधारली, अशा समाधानात चहा पिऊन तो बाईजाबरोबर खळ्यावर गेला.

परत येतो तो आदेश गाडी चालू करत होता. इंजिन लागलं, हिवताप भरल्यासारखं थडथडलं आणि बंद पडलं. पुन्हा लागलं, पुन्हा बंद. महिपतला वाटलं, आपण जावयाच्या गाडीची वाट लावली! आदेशही घाम पुसत होता.

"पेट्रोलात पाणीच असणार," आज महिपत म्हणाला.

"तेच म्हणतो मी," आदेश घाईघाईने म्हणाला.

महिपतची लेक नम्रता दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. "बाबा, तुमी पाना घेऊन पहाटे कुठं गेलेलात? आईनं बघितलंय." मग नवऱ्याकडे वळून, "आणि तुमी, बाबा खळ्यावर गेल्यावर गाडीपाशी काय ठोकत होता?"

महिपतने एक प्लग काढून उन्हात धरला. फटीतून कागदसुद्धा गेला नसता.

"तुमी पण गॅप ठोकला?" महिपतने विचारलं.

"मामा, काल घाटातच कळलेलं मला. पण एवढी बढाई मारल्यावर कुठल्या तोंडानं सांगू?"

बाईजा हसता हसता खालीच बसली. सकुबाईने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. महिपतला इतकं हलकं वाटलं, की त्याने जावयाच्या पाठीत सरळ धपाटा घातला. बंदी उठली हे सगळ्यांनाच कळलं.

मग दोघे प्लग निरखत बसले. आतली चिनीमाती पांढरीफटक, वर बारीक काळे ठिपके. "हा तापतोय फार," महिपत म्हणाला. "नुसता गॅप नीट करून नाय भागायचं. थंड प्लग पायजे, लवकर निवणारा."

"प्लगवरचा आकडा एकने वाढवू," आदेश म्हणाला.

"वाढवू? आकडा कमी तितका थंड."

"उलटं, मामा! जास्त तितका थंड."

गॅप जेमतेम उघडून गाडी हळूहळू मुरबाडला नेईपर्यंत हा वाद चालला. टोकावड्याला चहाला थांबले तरी मिटला नाही. शेवटी स्पेअरपार्टच्या दुकानात दामूशेठने दोन कंपन्यांच्या पेट्या काउंटरवर ठेवल्या. "हिच्यात आकडा वाढला की थंड. तिच्यात वाढला की गरम. तुमी दोघं घरून भांडून आलात का?"

दोघांनीही आपलंच खरं झालं असं मानलं आणि आदेश वापरत होता त्याच कंपनीचे, एक पायरी थंड प्लग घेतले. गॅरेजात यावेळी दगड नव्हता, मापाच्या पोलादी पट्ट्या होत्या. आदेश दांडी वाकवायचा, महिपत सात दशांश मिलिमीटरची पट्टी सरकवून बघायचा. ना सैल, ना घट्ट. एक प्लग महिपतने तीनदा परत दिला आणि आदेशने तीनदा हसत घेतला.

दुपारी वैशाखऱ्याहून बायकांना घेऊन पुन्हा घाट. आदेशने पाय दाबला. गिरणी गायला लागली आणि गाडी एकही गचका न देता वळणामागून वळण चढत गेली. सकुबाईने डोळे मिटून सीट घट्ट धरली होती. महिपत खिडकीतून डोकं काढून आवाज ऐकत होता.

वर पोचल्यावर आदेशने किल्ली पुढे केली. "उतरताना तुमी चालवा, मामा."

महिपतने किल्ली घेतली मात्र, सकुबाई पिशवी उचलून खाली उतरली. "मग मी एस्टीनं येते," ती म्हणाली. "हे जावयापेक्षा जोरात हाकतात."

नम्रताने तिला हाताला धरून परत आत बसवलं आणि महिपतने गाडी सुरू केली.