दोन्ही खटके

सुट्टीच्या दिवशी सकाळी रंगारी आपली सरकती शिडी अंगणात आडवी घालायचा आणि तिची अशी काही उठबस करायचा, की बायको म्हणायची, "जावयाची एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही." आधी ब्रशने धूळ काढायची, मग रॉकेलचं फडकं फिरवायचं. वरचा भाग ज्या खाचेतून सरकतो तिथे मेणबत्तीचा तुकडा घासायचा, कप्पीला आणि खटक्यांच्या स्प्रिंगला तेलाचा एकेक थेंब. पायऱ्यांना मात्र तेलाचं बोटही लागू द्यायचं नाही. सगळं त्याला तोंडपाठ. तेव्हा बिचाऱ्याला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. गड्याने जे केलं ते ठरवून केलं.

झालं होतं असं. शिडी उंच करायची तर खाली उभं राहून दोरी ओढायची, वरचा भाग हवा तेवढा चढला की दोरी किंचित सैल सोडायची. मग दोन बाजूंचे दोन लोखंडी खटके खालच्या भागाच्या पायरीवर जाऊन बसतात, खट, खट. तो आवाज आला की रंगारी म्हणणार, "बसले," आणि पायथ्याशी उभी असलेली बायको म्हणणार, "चढा." लग्न झाल्यापासून दोघं मिळून भिंती रंगवत आले, आणि एवढं बोलल्याशिवाय तो कधी चढला नाही. घरात अबोला असला तरी हे दोन शब्द त्यात धरत नसत.

आणि अलीकडे त्याला ती खटखट ऐकू येईनाशी झाली होती. बायकोला कळलं की शिडी बंद, हे तो ओळखून होता. तिच्या सख्ख्या भावाला नीट दिसेना, तेव्हा त्याची मोटारसायकल तिनेच विकायला लावली होती. शिडी गेली म्हणजे आपण खालच्या खालच्या भिंती रंगवायच्या आणि वर दुसराच कुणी चढणार.

मग शहाण्या माणसाने काय करावं? कानाच्या डॉक्टरकडे जावं. ह्याने काय केलं, तर ग्रीसचा डबा आणला. खटक्यांना ग्रीस असं काही थापलं, की ते बसताना हूं की चूं करेनात. आवाजच नाही, तर तो ऐकू आला नाही म्हणून कोण धरणार? "नीट ठेवलेल्या शिडीचा आवाज येत नाही," असं बायकोला ऐटीत सांगितलं. ती "असं का" म्हणाली आणि कामाला लागली.

पुढे एका शिंपीणबाईंच्या दुमजली घराचं काम आलं. जुना रंग घासून काढताना चुन्याची धूळ उडाली, ती ग्रीसवर जाऊन बसली. सुट्टीच्या दिवशी ती पुसून काढायची, तर ह्या महाशयांनी तिच्यावरच आणखी एक थर चढवला.

वरच्या खिडकीची चौकट तेवढी राहिली होती. त्याने दोरी ओढली, सैल सोडली, वर पाहिलं तर डोळ्यांत ऊन. दोरी हाताला हलकी लागली, म्हणून अंदाजाने म्हणाला, "बसले."

"चढा" काही आलं नाही.

आता तेवढंही ऐकू येईना की काय, या धास्तीने त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. ती बोललीच नव्हती. तिचा तळवा शिडीच्या उभ्या दांड्यावर होता, नेहमीसारखा.

"एकच बसला," ती म्हणाली.

"काहीतरीच. मी काय आज शिडी लावतोय?"

"एकच बसलाय. इकडे सावलीत येऊन बघा."

तो छज्ज्याच्या सावलीत गेला. उजवा खटका पायरीवर होता. डावा चुन्याच्या आणि ग्रीसच्या लगद्यात तसाच वर अडकलेला. तो चढला असता, तर त्याचा सगळा भार एका बाजूवर आला असता. तो पालथ्या बादलीवर बसला.

"मला ऐकू येत नाही गं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही माझं बोलणं मुकाट्याने ऐकून घ्यायला लागलात तेव्हापासून. आधी वाटलं, सुधारलात."

त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "मग चढू कसं दिलंस?"

"हात ठेवून असते ना. खटका बसला की दांड्याला हिसका बसतो. दोन हिसके लागले की चढा म्हणते." इथवर ती नेहमीच्या आवाजात बोलली, मग तिचा आवाज कापला. "मला सांगितलं असतंत, तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं? खाली मी उभी असते हो. पडलात तर माझ्यासमोर पडणार."

तो हात शिडीला आधार द्यायला असतो, असं तो इतकी वर्षं समजत होता.

शिडी खाली घेतली. त्याने पट्टीने लगदा खरवडला, तिने रॉकेलच्या फडक्याने खटके लख्ख केले, स्प्रिंगला एकेक थेंब दिला. मग शिडी पुन्हा उभी केली. या वेळी दोरी तिने धरली, आणि त्याचा हात उचलून दांड्यावर ठेवला. वरचा भाग चढला. तिने दोरी सैल सोडली. त्याच्या तळव्याला एक हिसका लागला, पाठोपाठ दुसरा.

"बसले," तो म्हणाला आणि थांबला.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं."

"बरं."

"तो ग्रीसचा डबा मी फेकून देणार आहे."

"बरं."

तेवढ्यात रस्त्यावर कुणीतरी दगड कापायचं यंत्र सुरू केलं. तिचे ओठ हललेले त्याला दिसले, शब्द काही पोचला नाही. तो तसाच तिच्याकडे बघत उभा राहिला. तिने पुन्हा तोंड उघडलं नाही. बोटाच्या पेराने दांड्यावर दोनदा ठोकलं.

ते त्याच्या तळव्याला लागलं, आणि तो चढला.