मायले पुसा

भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी हात पुढं केलेला होता. माझ्या सुनेनं, रश्मीनं, ते माझ्या हातावरून उचललं आणि पलीकडच्या बाईला दिलं.

जठारपेठेतल्या एका मोबाइलच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर हे नवं चर्च भरतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन मोठे स्पीकर, आणि खुर्च्यांमध्ये इतकी कमी जागा की शेजारणीचा श्वाससुद्धा आपल्या वाट्याला येतो. मुलगा किशोर दर रविवारी मला इथं आणून बसवायचा. पण प्रभुभोजनाच्या दिवशी मी पहिल्यांदाच आले होते.

"माहा हात नाही दिसला का तुले?" मी विचारलं.

"दिसला, आई. पण तुमचा बाप्तिस्मा झाला नाही ना. ज्याचा झाला नाही त्यानं प्रभूची भाकर घेऊ नये, असं पास्टर सांगतात."

"मी बाप्तिस्मा घेतला तवा तुह्या पास्टरचा बापबी जन्मला नसन."

"तो शिंपडलेला. शिंपडलेला धरत नाहीत इथं."

"जरा मोठ्यानं सांग. मागच्या लायनीले आयकू नाही गेलं."

मागच्या रांगेला व्यवस्थित ऐकू गेलं होतं. एक बाई तोंडाला रुमाल लावून हसली. द्राक्षरसाच्या पेल्यांचं ताटही मग तसंच माझ्यासमोरून गेलं.

त्या आठवड्यात पास्टर इंगळे घरी आले. पस्तिशीचा तरणाताठा माणूस, बोलणं गुळगुळीत. रश्मीनं त्यांच्यासाठी खास कपबशा काढल्या. ते मला 'आजी' म्हणत आणि पोराला पाढा समजावून सांगावा तसं बोलत.

"हे पाहा आजी, तान्ह्या बाळाला काय कळतं? आधी विश्वास, आधी पश्चात्ताप, आणि मग पाणी. बाप्तिस्मा म्हणजे मरणं आहे. पाण्याखाली जुना माणूस पुरला जातो आणि नवा वर येतो. आता तुम्हीच सांगा, कपाळावर चार थेंब टाकून कोणी पुरलं जातं का?"

"म्हंजे माहा झालाच नाही?"

"नाही झाला."

"मंग इतके वर्सं मी कोन होती?"

ते हसले. कप खाली ठेवत म्हणाले, "हवं तर नवं नावही घ्या. पुष्कळ जण घेतात. सारा घ्या, एस्तेर घ्या. मायली हे नाव तसंही बायबलात कुठं नाही."

किशोरही हसला. ते हसणं मी अजून विसरले नाही.

मायली हे नाव बायबलात नाही, आणि दुसरीकडंही कुठं नाही. मी मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायचे. प्रत्येक नव्या हेडबाईंनी हजेरीत माझं नाव एकदा तरी मालती केलं आणि मी ते एकदा तरी खोडलं. हे नाव कसं पडलं ते त्या कपबशांसमोर सांगण्याची माझी इच्छा नव्हती. इथं सांगते.

माझे वडील डोमाजी अमरावतीच्या मिशन कंपाउंडात वाढले. तिथंच सुतारकाम करायचे. एकदा कामासाठी पातूरकडं गेले आणि तिथं माझ्या आईशी, पंचफुलाशी, तिच्या लोकांच्या रीतीनं हळद लावून लग्न करून आले. माझी आजी माणिकबाई हिनं दारातच विचारलं, "बाप्तिस्मा घेशीन का?" आई म्हणाली, "मी नवऱ्यासंग आली, नवऱ्याच्या देवासंग नाही." एवढं एक वाक्य. आजीनं त्या वाक्याचं मरेपर्यंत उट्टं काढलं.

माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी आईनं मला न्हाऊमाखू घालून, पांढऱ्या टोपड्यात गुंडाळून चर्चच्या पायरीपर्यंत आणलं. तिथं आजीनं मला तिच्या हातातून काढून घेतलं. "तू इथंच ऱ्हा. जिनं पानी घेतलं नाही तिनं पान्याजवळ उभं राहू नये." असा काही नियम चर्चचा नव्हता. नियम आजीचा होता. वडिलांनी मान खाली घातली. आई खिडकीखालच्या कडुलिंबाजवळ उभी राहिली.

आत मला चतुरा आत्यानं हातावर घेतलं होतं. बाप्तिस्मा देणारा मिशनचा साहेब गोरा होता, पुण्याकडं पुस्तकावरून मराठी शिकून नुकताच इकडं आला होता. त्यानं बोटं पाण्यात बुडवली आणि विचारलं, "ह्या बालकाचे नाव काय?"

नाव आईनं ठरवलं होतं, आणि ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. ऐन वेळी सांगीन म्हणाली होती. आत्या गोंधळली. तिनं दाराकडं पाहिलं आणि म्हणाली, "मायले पुसा जी."

साहेबाच्या पुस्तकात आईला 'आईला' म्हणत असावेत. त्याला एक सुंदरसं परदेशी नाव ऐकू आलं. "मायली, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो." तीनदा पाणी पडलं. मी रडले म्हणतात.

नंतर वडिलांनी साहेबाकडं जायचं काढलं तर आजी आडवी झाली. "बाप्तिस्मा एकडावच असते. पान्यासंग जे नाव निंगालं ते निंगालं." तिला ते नाव आवडलं होतं असं नाही. आईचं नाव पडलं नाही, ते तिला आवडलं होतं.

आईनं मला मायली म्हणून एकदाही हाक मारली नाही. पोरी म्हणायची. दर रविवारी आम्ही आत जायचो आणि ती लिंबाखाली बसायची, मांडीवर निवडायला डाळ नाहीतर ज्वारी. आम्ही बाहेर आलो की पदर झटकून उठायची. मी मोठी झाल्यावर कितीदा विचारलं, "माय, तू काय नाव ठेवलं होतं व माह्यं?"

"मले कोनं पुसलं? पुसलं असतं तं सांगतलं असतं."

"मंग आता सांग."

"आता काय, जित्राबाले मेल्यावर दावं?"

"पन तू भायेरून आवाज द्यायचा होता. आत्या म्हने ना, मायले पुसा."

"मले काय आयकू येत होतं आतलं? भिताडं केवढाले आहेत पाह्य." एवढं म्हणून ती डाळीतले खडे काढू लागायची. ते नाव ती घेऊनच गेली. तिला तिच्या भावांनी पातूरला नेऊन माती दिली. कंपाउंडाच्या कब्रस्तानात जागा मागायला वडील गेलेच नाहीत.

आता माझा मुलगा मला सांगत होता की ते पाणी पाणीच नव्हतं.

"तुले काय जाते त्याच्यात?" पास्टर गेल्यावर किशोर माझ्यापुढं उभा राहिला. "मले चर्चच्या कमिटीत वडील नेमून राहिले. ज्याच्या घरची माय बिनबाप्तिस्म्याची, त्याले कोन वडील करन?"

"मी बिनबाप्तिस्म्याची नाही."

"आई, पाच मिनटाचं काम हाये! पान्यात जायचं अन् वर यायचं!"

"ते पानी खरं नव्हतं म्हनतं ना तू? मंग माह्या मायले त्या पान्यासाठी भायेर काहून उभं केलं? खोट्या पान्यासाठी? जल्मभर?"

"मेलेल्या बाईपाई जित्या पोराचं नाक कापून राहिली तू."

"तुह्या आजीले बाई नोको म्हनू."

"तं अमरावतीलेच जाऊन ऱ्हाय मंग, त्याइच्याजवळ. तिथं शिंपडते ते लोकं." दार आपटून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रश्मीनं पांढऱ्या टेरिकॉटचा तागा माझ्या मशीनवर आणून ठेवला. बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी झगे शिवायचे होते. मापं तिनं तोंडी सांगितली. शेवटी म्हणाली, "आणि उरलेल्या कापडात एक तुमच्या मापाचा."

मी शिवले. कपड्याशी माझं भांडण नव्हतं. बुडवायच्या झग्याच्या घेरात वजन घालावं लागतं, नाहीतर तो पाण्यात छत्रीसारखा वर येतो आणि बायांची लाज जाते. मी नळाच्या दुकानातून लोखंडी वायसर आणले आणि प्रत्येक घेरात टाचून बसवले. माझ्याही. किशोरनं ते पाहिलं आणि त्याला वाटलं, म्हातारी नरमली. मी येते म्हणाले होते. बुडते म्हणाले नव्हते.

पातूर रस्त्यावर चर्चमधल्या एकाच्या संत्र्याच्या बगीच्यात शेततळं होतं. काळं प्लास्टिक अंथरलेलं, शेवाळानं निसरडं झालेलं, उतरायला दोर बांधलेला. पास्टर कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. एकेक जण दोर धरून उतरायचा, आपलं नाव सांगायचा, पास्टर त्याच्या पाठीला हात देऊन उताणं पाण्याखाली न्यायचे. वर आला की काठावर टाळ्या, गाणं. खोटं का बोलू, वर येणाऱ्या चेहऱ्यांवर काहीतरी दिसत होतं. एक म्हातारा तर लहान पोरासारखा रडत होता. माझं वैर त्याच्याशी नव्हतं.

माझी पाळी शेवटी आली. रश्मी टॉवेल घेऊन उभी होती, किशोर मोबाइल धरून. मी दोर धरला आणि घोट्याएवढ्या पाण्यात थांबले. झग्याचा घेर जड होऊन पायाला चिकटला.

"या आजी, घाबरू नका," पास्टर म्हणाले. "नाव सांगा. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

"मायले पुसा जी."

"मायलीच ठेवायचं? ठीक आहे, या."

"मायली नाही. मायले. पुसा."

काठावर कोणीतरी खिदळलं. पास्टर हसू आवरत म्हणाले, "बरं, कुठं आहेत तुमच्या आई?"

"भायेर उभी हाये. तिले आधी आत घ्या. ते सांगन माह्यं नाव. मंग बुडवा मले, पाह्यजे तितके डाव."

किशोरनं मोबाइल खाली केला. "आई, तमाशा नोको करू!"

"आजी," पास्टरांचा आवाज पहिल्यांदा कडक झाला, "गेलेल्यांसाठी इथं काही करता येत नाही. हे जिवंतांचं पाणी आहे."

"ज्या पान्यात माह्या मायसाठी काही होत नाही, त्या पान्यात मरून मी काय करू?"

मी दोर धरून मागं वळले. वर यायला कोणी हात दिला नाही. निसरड्यावर एकदा गुडघा टेकला, तरी रश्मी टॉवेल छातीशी धरून उभीच राहिली. गाडीत परत येताना माझ्या झग्यातले वायसर खडखडत होते.

किशोरला वडील नेमलं नाही. त्यानं मला काही म्हटलं नाही. त्यानं मला काहीच म्हणणं सोडलं. माझं ताट स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं असायचं. नात प्रणाली पुण्याहून फोन करायची, तो तिच्याशी बोलून झालं की माझ्याकडं न देता ठेवून द्यायचा. मी मशीनवर तो झगा घेतला, घेर उसवला, वायसर काढले. मग कापड घडी करून रश्मीच्या पलंगावर ठेवलं. चांगलं कापड होतं.

आणि एका रविवारी पहाटेच्या एसटीनं मी अमरावतीला गेले. एकटीच. तिथं त्या दिवशी एका बाळाचा बाप्तिस्मा आहे, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं.

कंपाउंडातली निम्मी घरं पाडून तिथं गाळे निघालेत. चर्च आहे तसं आहे. लिंब आहे. आतली घंटा झाली, लोक आत गेले, मीही सवयीनं पायरीवर पाय ठेवला आणि थांबले. या चर्चमध्ये मी कायम आत बसले होते. बाहेर एकदाही उभी राहिले नव्हते. मी पायरी उतरले आणि खिडकीखाली, लिंबाजवळ जाऊन उभी राहिले.

भिंत खरोखरच जाड आहे, हात-दीड हात. पण खिडक्यांना काचा नाहीत, जुनी लाकडी झापं आहेत, आणि ती उघडीच असतात.

आधी गाणं झालं. मग पाळकसाहेबांनी आईबापांना आणि धर्ममातेला पुढं बोलावलं. पावलं वाजली. बाळ कुरकुरलं, त्याची टोपी काढली असावी. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि ओतून झाल्यावर शेवटचा थेंब पडल्याचासुद्धा.

"ह्या बालकाचे नाव काय?" पाळकसाहेबांनी विचारलं. ते साधंच, हळू बोलले होते.

आतून एका बाईनं नाव सांगितलं. आवाज कोवळा होता, आईचाच असावा.

मी लिंबाच्या बुंध्याला हात लावला. तिथं बुडाशी मातीत एक सपाट जागा आहे, बसून बसून झालेली. ती कोणाची, हे आता सांगणारं कोणी नाही.

उशिरा आलेली एक तरुण बाई पायरीवर चपला काढताना मला पाहून थांबली. "आजी, बाहेर काहून उभ्या? आत या ना, जागा आहे. इथून काय आयकू येणार तुमाले?"

"येते व माय," मी म्हणाले. "समदं आयकू येते इथून."