गालातल्या राखणदाराचा सूड

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. शास्त्राच्या भाषेत मला जनुक म्हणतात. राणीसावरगावच्या चांगुणाबाईंच्या डाव्या गालातल्या एका पेशीत माझं ठाणं. काम एकच. पेशी भलतीच वाढायला लागली की ओरडायचं, "बस्स!" मी ओरडायचो आणि पेशी ऐकायची. कौतुक कुणी केलं नाही. राखणदाराचं कोण करतं?

चांगुणाबाईंना मिश्रीचा नाद. तव्यावर भाजलेली तंबाखू कुटून हिरड्यांना चोळायच्या. त्यानं पेशी बिघडली आणि तिच्यात एक लांबोडका आरएनए माजला. आरएनए म्हणजे आम्हा जनुकांचा निरोप्या, काम झालं की विरून जाणारा. हा विरेना. मिथिल नावाची इवलीशी रासायनिक टिकली अंगावर मिरवून तो चिवट झाला. वर टिकल्या लावणाऱ्या कारागिराला त्यानं माझ्या दारात आणून उभं केलं. टिकली तीच बरं का! त्याला लावली तर आयुष्य, मला लावली तर मुकेपणा. माझ्या तोंडावर टिकल्यांची रांग लागली नि माझा आवाज बंद झाला. पेशी मोकाट वाढल्या. तेव्हाच मी ठरवलं, ह्याला सोडायचं नाही.

गालात पांढरा चट्टा उठला, मग जखम झाली. ती झोंबली की चांगुणाबाई तिच्यावरच मिश्री दाबायच्या, कारण घटकाभर बधिर व्हायचं. माझा वैरी आत हसायचा.

त्यांची सून सुकेशनी पिंगळी गावची.

"आत्याबाई, जेवताना रडायलाव कशाला?"

"तुझी भाजी लय तिखट हाय."

"भाजी आळणी हाय. आ करा."

"पिंगळीत सासूचे दात मोजत्यात का गं?"

"सासू एकच हाय मला. आ करा!"

मोबाईलचा उजेड गालात पडला. सुकेशनीला जखम दिसली. दुसऱ्याच दिवशी दोघी परभणीला गेल्या.

"गाठ अजून लहान आहे. आत्ताच काढू," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी चांगुणाबाईंनी कमरेची मिश्रीची डबी सुनेच्या हातात दिली. "फेकून दे."

"डबीसकट?"

"डबी माझ्या आईची हाय, येडे! घासून ठेव. बडीशेप भरू."

मग गाठीबरोबर मीही कापला गेलो. तपासणीसाठी गाठ मेणात बसवून ठेवतात, आता त्याच ठोकळ्यात पडून आहे. तो आरएनएही इथंच आहे, तुकडे तुकडे होऊन. मी मुका, पण अख्खा आहे. रोज त्याच्याकडे डोळे भरून पाहतो. चांगुणाबाईंच्या उजव्या गालात माझे भाऊ अजून ओरडतात, एवढं मला पुरे.

पण मित्रांनो, त्याचे भाईबंद आणखी कितीतरी गालांत लपलेत. उरलेला सूड तुम्ही घ्या. घरात कुणी घास घेताना डोळे पुसत असेल, तर भाजीला नावं ठेवू नका. मोबाईलचा उजेड घ्या, समोर बसा आणि म्हणा, "आ करा."